जुना रिॲक्टर विकणे आहे

२ मार्च, सकाळी ७.१५
निर्णय झाला. जुना कॅल्शियम रिॲक्टर विकायचा. सात वर्षं घरातल्या समुद्री कोरलच्या काचेच्या टाकीखालच्या कपाटात गुमान काम करतोय. गुमान काम करणाऱ्यांची प्रगती होत नाही, हे मी ऑफिसात रोज बघतो. (मी तिथे तोंड उघडतो, तरी माझीही झालेली नाही. तो वेगळा विषय.) नवा घ्यायचा तो मोबाइलवरून चालणारा, दोन हजार लिटरच्या टाकीसाठीचा. माझी टाकी तीनशे लिटरची आहे. पण पुढेमागे मोठी होणारच.

बायकोने विचारलं, जुना बिघडलाय का. मी शांतपणे समजावलं की हे यंत्र टाकीत थेंब थेंब कॅल्शियम सोडतं, त्यावर कोरल वाढतात, म्हणून यंत्र जेवढं मोठं तेवढे कोरल सुखी. ती म्हणाली, अकरा वर्षांत हे शंभरदा ऐकून झालंय. मग विचारायचं कशाला?

५ मार्च
जाहिरात टाकली. 'उत्तम स्थिती. प्रेमाने वापरलेला.' गॅसचा व्हॉल्व्ह अधूनमधून अडकतो, ते लिहिलं नाही. दोन टपल्या मारल्या की सुटतो. अशा गोष्टी माणसाने अनुभवाने शिकाव्यात.

८ मार्च, संध्याकाळी ६
गिऱ्हाईक गळाला लागलं. शाळेत शिवण शिकवून रिटायर झालेल्या एक बाई, पलीकडच्या गल्लीतल्या. टाकी केवढी विचारलं तर म्हणाल्या, टीव्हीएवढी. हसू आवरलं. त्यांनी विचारलं, चांगला चालतोय तर विकता कशाला? मी भविष्यावर थोडं बोललो.

बायकोने त्यांना तिचं कोरल दाखवलं. तिचं म्हणजे टाकीतलं सगळ्यात मोठं, हिरवं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने बोटाएवढा तुकडा पाण्याच्या पिशवीत घालून, मांडीवर धरून, बसने तीन तास आणला होता. आता उशीएवढं झालंय. रोज संध्याकाळी ती टाकीपुढे स्टूल टाकून बसते आणि बहिणीशी फोनवर बोलावं तसं त्याच्याशी बोलते. माझा दृष्टिकोन शास्त्रीय आहे.

बाईंना रिॲक्टर दिला आणि वर मी लिहिलेलं बारा पानी मॅन्युअल फुकट.

९ मार्च
नवा रिॲक्टर विक्रेत्याकडे शिल्लक नाही. चार दिवसांत येतो म्हणाला.

१७ मार्च
विक्रेता अजूनही चार दिवसच म्हणतोय. माणूस शब्दाला पक्का आहे.

बायको म्हणाली, तोवर कॅल्शियमची पावडर हाताने घालू या का? स्पष्ट नकार दिला. पावडर नवशिके घालतात.

२४ मार्च
हिरवं किंचित फिकट. पेस्टल शेड आलीय. शौकीन लोक या शेडसाठी जीव टाकतात. बायकोला सांगितलं. तिने दोन्ही हात काचेवर ठेवले होते. काचेवर डाग पडतात, हेही सांगितलं.

शिवणबाईंचा फोन. व्हॉल्व्ह अडकत होता म्हणे. मी म्हणालो, वापरणाऱ्याच्या हातावर असतं. त्या म्हणाल्या, हो ना, सुईने साफ केला, तेव्हापासून एकदाही अडकला नाही. सात वर्षं मी टपल्या मारत होतो. सुईचं मला सुचलं नसतं असं नाही.

बायको आता रोज संध्याकाळी त्यांच्याकडे शिवण शिकायला जाणार. मी परवानगी दिली. मागितली नव्हती, पण दिली.

३१ मार्च, दुपारी १
आला. अर्धी रजा टाकून घरी आलो. कपाटात मावेना. कपाटाचं दार काढलं. तरी मावेना. शेवटी टाकीसमोर उभा केला, बायकोच्या स्टुलाच्या जागी. स्टूल गॅलरीत.

माहितीपुस्तिका सांगते, अगदी कमीवर सुरू करून तीन आठवडे हळूहळू वाढवा. पुस्तिका सर्वसामान्यांसाठी असते. इथे तीन आठवड्यांचा बॅकलॉग आहे. तो दोन दिवसांत भरून काढायचा. फुल ठेवला.

१ एप्रिल
ॲपवर सगळं हिरवं. टाकीत तेवढं नाही.

३ एप्रिल
तिच्या कोरलची टोकं पांढरी झालीत. नवी वाढ पांढरीच असते. बुडाकडूनही पांढरं होत चाललंय. म्हणजे दोन्हीकडून वाढतंय. मागच्या बाजूचा अंगठ्याएवढा तुकडा नाहीसा झालाय, तोही सुरीने कापावा तसा सरळ. नैसर्गिक पडझड. नोंद केली.

बायको म्हणाली, ते यंत्र आधी बंद करा. मी तिला ग्राफ दाखवला. ती ग्राफकडे बघतच नव्हती. अशा माणसाशी चर्चा काय करणार?

५ एप्रिल, सकाळी ६.४०
कोरलवरचं मांस सालीसारखं सुटून पाण्यात तरंगतंय. घरभर वास. खिडक्या उघडल्या. यंत्र बंद केलं. बायको म्हणाली म्हणून नव्हे, स्वतंत्र विचार करून.

विक्रेत्याला फोन लावला. त्याने विचारलं, टाकी किती लिटरची. मी म्हणालो, दीड हजार. मग सहज विचारलं, समजा एखाद्या मूर्खाने तीनशेच्या टाकीला लावून फुल ठेवला, तर? तो म्हणाला, मग टाकीत आता काही उरलं नसेल.

६ एप्रिल
काही उरलं नाही. तिचं सगळ्यात शेवटी गेलं. स्टुलाला जागा नव्हती म्हणून बायको उभ्यानेच बघत होती. रडली नाही. रडली असती तर समजूत काढता आली असती. मी म्हणालो, दुसरं आणू, याहून मोठं. ती चप्पल घालून शिवणाला गेली.

मलाही जरा वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

एक विचार आला. दोन आठवडे रोज शिवण चाललंय, पण शिवलेलं काही घरात दिसलेलं नाही.

९ एप्रिल, संध्याकाळी ७.३०
शिवणबाईंच्या टाकीला मार्गदर्शनाची गरज असेल असं वाटून त्यांच्याकडे गेलो. शिलाई मशीनवर खोळ. टेबलावर टीव्हीएवढी टाकी, खाली माझा रिॲक्टर गुमान चाललेला. टाकीत दगडावर अंगठ्याएवढं हिरवं कोरल, अंगभर फुललेलं. टाकीपुढे स्टूल, स्टुलावर बायको.

मी म्हणालो, हे माझ्या टाकीतलं आहे. बायको म्हणाली, माझं आहे. नव्या यंत्राचं खोकं दारात आलं त्याच संध्याकाळी तिने तुकडा कापून इकडे आणला होता. मी जवळून बघायला वाकलो तर म्हणाली, हात लावू नका. आवाज अजिबात चढवला नाही. बाईंनी मला चहा दिला आणि दाराशी खुर्ची.

१० एप्रिल, सकाळी ८
बाईंचा निरोप. घरात मेलेले कोरल असतील तर टाकू नका, आम्हाला हवेत. शास्त्रीयदृष्ट्या मागणीत काही चूक नाही. रिॲक्टरमध्ये मेलेल्या कोरलचाच चुरा भरतात. गॅस सोडलेल्या पाण्यात तो विरघळतो आणि त्यावर जिवंत कोरल पोसतात. म्हणजे आता हे उशीएवढं कोरल झिजून झिजून त्या तुकड्याच्या पोटात जाणार.

तत्त्व म्हणून नाही म्हणायचं ठरवलं. गॅलरीत गेलो. बायकोने सगळे सांगाडे धुऊन उन्हात पसरले होते. हिरवं होतं ते मधोमध, पांढरंफटक. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, हातोडी कुठे असते.

मी सांगितलं, खालच्या खणात.