गाडी माह्याच नावानं

कळंब, जि. यवतमाळ
३ नोव्हेंबर २०२५

चि. कपिलले नलूताईचा आशीर्वाद.

तू अन् प्रियंका पुण्यात लेकरायसंग खुशाल असान. भाऊबीजेले तुमी आणलेला चिवडा कालच संपला. इकडं कापूस वेचणं सुरू हाय, त्याच्यानं भांडे घासाले बाई भेटत नाई. बाकी मी मजेत हाय.

मजेत कायची, डोकस्कं फिरून गेलं माह्यं!

दसऱ्याले मी गाडी घेतली, तुले मालूमच हाय. शोरूममधी साऱ्या गाड्यायची पूजा झाली, माह्याही गाडीले हार घातला. लोक आपापल्या गाड्या घेऊन भुर्रकन गेले. माही अजून तिथंच उभी हाय. नंबराशिवाय गाडी देत नाई, अन् नंबर काहून भेटत नाई, तर म्हणे मॅडम, तुमी फॉरेनर हाय. मी! कळंबच्या दवाखान्यात जन्मली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, अन् फॉरेनर! कॅनडाचा पासपोर्ट घेतला तो असा बोकांडी बसला बाप्पा.

यवतमाळच्या आरटीओ हापिसात तीन चकरा झाल्या. पहिल्या खेपेले आधार नाई म्हणून वापस. दुसऱ्या खेपेले परदेशी भारतीयायचं ते कार्ड नेलं, तर बाबू उलटून पालटून पाहे, "हे कोन्तं कार्ड होय?" तिसऱ्या खेपेले त्यानं बिचाऱ्यानं नियम काढून वाचला. "होते मॅडम, फक्त इथं राहता त्याचा पुरावा आणा." आता कुठून आणू? लाईटबिल तुह्या नावानं. रेशनकार्डावरून बाबानं माह्यं नाव लग्नाच्या सालीच कमी केलं. अन् बाबा गेल्यावर घराच्या हक्कसोडीच्या कागदावर मीच हसत सही केलती, म्हटलं मले कॅनडात कायची कमी हाय.

शोरूमवाला म्हणते, "कायले ताप घेता ताई, भावाच्या नावानं काढून टाका, इकडं सारेच तसं करतात." अंगाची आग झाली रे माह्या. म्हटलं, तिकडचं घर नवऱ्याच्या नावानं, कार नवऱ्याच्या नावानं, इथलं घर भावाच्या नावानं, दोन चाकाची गाडी तरी माह्या नावानं नको? अन् तिथंच रडू फुटलं. तो घाबरून पाणी घेऊन आला.

चूक माहीही झाली. फॉर्मवर कायमचा पत्ता विचारला, तर मी हाताच्या सवयीनं टोरांटोचाच लिहिला. बाबू म्हणे, "कायमच्या तिकडच्या, तर गाडी इकडं कायले?" मी खोडलं, पण मंग कितीतरी वेळ तिथं काईच लिहिता आलं नाई. रांगेतले लोक मांगून बोंबलून राह्यले होते.

आता नीट वाच, कपिल. फोनवर हे होत नाई, तू मधातच बोलतं. भाऊबीजेले तू विचारलं, ताई, तिकीट कवाचं? मी म्हटलं, पाहू. तिकीट नाई काढलं. काढाचंही नाई. तुह्या भाऊजीनं मार्चमधीच घर विकलं, दुसऱ्या बाईसंग राह्यतात ते. मले म्हणाले, तुह्यं तू पाय. घटस्फोटाचा कागद झाल्यावरच मी विमानात बसली. तुले सांगाची लाज वाटे. प्रियंका काय म्हणन, हीच भीती.

राळेगावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवाचं काम भेटलं हाय. सतरा तारखेले हजर व्हाचं हाय अन् बसच्या भरोशावर शाळेची वेळ गाठता येत नाई.

सोबत स्टँपपेपर जोडला हाय. 'माझी मोठी बहीण या घरात कायमची राहते, त्याला माझी हरकत नाही,' एवढंच लिहिलं हाय. वकील म्हणे, 'सध्या राहते' लिहिलं तरी चालते. मीच म्हटलं, नाई, कायमची लिहा.

प्रियंकाले विचारून सही कर. पटत नसन तर 'कायमची' खोडून 'सध्या' लिही, मी रागावणार नाई. गाडीचं काम तेवढ्यावर होते. माह्यं नाई होत.

तुही ताई,
नलू