टोकदार बुटांचा नियम

सोमवार, ९ जून

चि. ठमीस,

मावशीचे आशीर्वाद. तू बरी असशील. तुझी आई फोनवर 'ठीक आहे' यापलीकडे काही सांगत नाही, आणि खोदून विचारायला मला तोंड नाही. मी डोक्यापासून घोट्यापर्यंत बरी आहे. घोट्याखाली उजव्या पायाचं ऑपरेशन झालंय.

अंगठ्याच्या मुळाशी हाडाची ती गाठ तुला आठवत असेल. वर्षभरात अंगठा इतका कलला की शेजारच्या बोटावर चढूनच बसला. डॉक्टरांनी हाड कापलं, जागेवर सरकवलं आणि दोन स्क्रूंनी आवळलं. मी म्हटलं, "सुतारकामच म्हणा की!" तर म्हणाले, "सुताराचं बरं असतं. त्याचं लाकूड बावीस वर्षं टोकदार बुटात कोंबलेलं नसतं."

गेल्या मंगळवारी टाके काढले. पट्टी सुटली आणि आधी वास आला, शिळ्या ओल्या फडक्यासारखा. मग पाय दिसला. पिवळा, सुजलेला, बोटांच्या बेचक्यांत काळं रक्त वाळलेलं. नर्स पुसत होती आणि कातडीचे पांढरे पापुद्रे तिच्या हातमोज्याला चिकटत होते. काका "फोन आलाय" म्हणून बाहेर सटकले. त्यांचा फोन माझ्या पिशवीत होता! त्यांना काय बोलू? मलाच उमासे येत होते.

बघ, पायाचंच पुराण लावून बसले.

नर्सने सहज विचारलं, "हॉटेलात रिसेप्शनवर असता ना? सपाट बूट चालत नाहीत का?" मी सवयीने म्हणाले, "नियम आहे." आणि ठमे, जे इतका वेळ दाबून धरलं होतं ते तिथेच तिच्या ट्रेमध्ये ओकले. कारण हेच शब्द मी तुला ऐकवले होते.

हॉटेलात माझ्या हाताखाली लागून तुला तीन महिने झाले होते. सामानाच्या खोलीत तू मोजा काढून दाखवलास. टाच सोलून निघाली होती, मोजा रक्ताने चिकटला होता. सख्खी मावशी मी, आणि काय म्हणाले? "शी! झाक ते आधी. नियम आहे. आणि पाहुण्यांसमोर लंगडू नकोस."

मग तू सपाट बुटांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणलीस, मॅनेजरना द्यायला म्हणून माझ्याच हातात दिलीस. तुला वाटतं, ती वाचूनही त्यांनी तुला काढलं. ती त्यांच्यापर्यंत गेलीच नाही. मी फाडली, संडासात टाकली आणि पाणी सोडलं. माझी बढती महिन्यावर आली होती. भाचीचे लाड करते असं कुणी म्हणायला नको होतं. वर अहवालात तुझ्या नावापुढे मीच 'कामचुकार' लिहिलं, तोच शेरा तुझ्या दाखल्यावर चढला. आणि संध्याकाळी तुझ्या आईसमोर पदराने डोळे पुसले, "मी खूप सांगून पाहिलं गं!"

पायाची घाण स्पिरिटने पुसता येते. या घाणीला काय लावायचं?

शुक्रवारी कुबडी टेकत हॉटेलात गेले. मॅनेजरना सगळं सांगितलं आणि लेखी दिलं. ते नाक मुरडून म्हणाले, "बाई, दोन वर्षं झाली. आता कशाला उकरताय?"

म्हटलं, "माझीच घाण आहे. दुसरं कोण उचलणार?"

तासभर बसून राहिले, तेव्हा कुठे त्यांनी तुझ्या दाखल्यावरचा तो शेरा काढला. नवा दाखला आणि माझ्या जबाबाची प्रत सोबत आहे. जिथे जिथे त्या शब्दामुळे तुला नाही म्हणाले, तिथे खुशाल दाखव. माझ्या नोकरीचं काय ते पुढच्या आठवड्यात कळेल. राहिली तरी त्या बुटांत मी पुन्हा उभी राहणार नाही, कुठल्या मुलीला उभी करणारही नाही.

तुझ्या आईला मी रविवारी सांगणार आहे. आधी कळायचा हक्क तुझा होता.

भेटायला येऊ नकोस. आईने गळ घातली म्हणून तर मुळीच नको. चिडायचं असेल तर मनसोक्त चीड, तेवढं तुझं येणं निघतं माझ्याकडे. एवढंच कळव की टाच पुरती भरली का. तेव्हा मी ती नीट पाहिलीसुद्धा नव्हती.

तुझी चिठ्ठी फाडणारी,
तुझी मावशी