पंचवीस आणि सव्वीसच्या मध्ये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, दातांची निवृत्त डॉक्टर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती तर इतकी शाबूत आहे की घरातल्या काहींना तिचा त्रास होतो. मला कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

निमित्त असे, की पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. सर्जन म्हणाले, "काही घाबरण्यासारखं नाही." हे वाक्य मी जन्मभर रोग्यांना ऐकवले आहे. त्याचा अर्थ मला ठाऊक आहे.

कलम १. घराच्या मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर माझ्या एकुलत्या मुलीला मिळावे. वरच्या खोलीत माझा धाकटा भाऊ राहतो. तो हयात असेपर्यंत त्याला तिथून कोणी उठवू नये. तसाही तो उठत नाही.

कलम २. बँकेतल्या ठेवी मुलीच्या नावे कराव्यात. त्यांतली एक ठेव भावासाठी राखावी, पण रक्कम त्याच्या हाती देऊ नये. तो ती न मोजता उशीखाली ठेवील. घराचे वीजबिल त्या ठेवीतून परस्पर भरले जावे. बिल मोठे येते. कारण कलम ५ मध्ये आहे.

कलम ३. दवाखान्यातली मागे कलणारी खुर्ची भावाला द्यावी. दुपारी तो तिच्यातच झोपतो. ताबा आधीच त्याच्याकडे आहे. छोटे आरसे आणि लांब चिमटे मात्र टाकीपाशीच राहावेत. खडकामागे काय चालले आहे ते पाहायला दाताच्या आरशाइतकी चांगली वस्तू नाही.

कलम ४. समोरच्या दवाखान्यातल्या दंतवैद्याने 'अजिबात दुखणार नाही' अशी पाटी लावून माझे रोगी पळवले. त्याची स्वतःची दाढ ठणकू लागली तेव्हा तो मागच्या दाराने माझ्याकडे आला आणि ओरडला. ती दाढ कपाटात डबीत आहे. ती त्याला सन्मानाने परत करावी.

कलम ५. पुढची खोली आणि तिच्यातली खाऱ्या पाण्याची टाकी.

ही खोली पूर्वी रोग्यांची बसण्याची जागा होती. लोक भिंतीवरचे घड्याळ बघत आणि घाबरत. म्हणून मी तिथे टाकी ठेवली: जिवंत प्रवाळ, दोन विदूषक मासे आणि माशांच्या तोंडात शिरून सफाई करणारी एक लाल-पांढरी कोळंबी. कोळंबीला मी समव्यावसायिक मानते. तिच्या रोग्यांपैकी कोणीही ओरडलेले नाही. दवाखाना बंद झाला, टाकी राहिली.

या टाकीचे पाणी पंचवीस आणि सव्वीस अंशांच्या मध्ये असावे. तिथे मी पुस्तक वाचून पोचले नाही. चोवीसला प्रवाळ सुस्तावले, सत्तावीसला उन्हाळ्यात पंखा बंद पडला की पाणी हाताबाहेर तापे आणि धावपळीने मला धाप लागे, म्हणून मधली जागा धरली. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचे हे, की तो हलू नये. प्रवाळ थोडी ऊब सहन करतात, थोडा गारवाही करतात. धरसोड सहन करत नाहीत.

आता भांडणाकडे येते, कारण हे मृत्युपत्र त्यासाठीच आहे.

गेल्या वर्षी माझा गुडघा बदलला. टाकी मुलीकडे सोपवली. पाणी सत्तावीसवर गेलेले पाहून तिने त्यात बर्फाच्या पिशव्या सोडल्या, दोन पंखे लावले. पाणी तेवीसवर आले. मग घाबरून हीटर चढवला. पाणी अठ्ठावीसवर गेले. पुन्हा बर्फ. मी परतले तेव्हा निम्मे प्रवाळ मिटून बसले होते. ते उकाड्याने नव्हे, औषधोपचाराने आजारी पडले होते.

दुसरा गुडघा बदलला तेव्हा टाकी भावाकडे दिली. हीटर चालू अवस्थेत अडकला. पाणी एकतीसवर गेले. भाऊ शेजारी खुर्चीत पेपर वाचत होता. नखाएवढ्या तुकड्यापासून मुलीने वाढवलेले हातोडीच्या आकाराचे प्रवाळ पांढरे पडून मेले.

"मामा, तू माणूस आहेस की खुर्ची?" मुलगी म्हणाली.

"खुर्चीने कुणाला बर्फात नाही घातलं, चिऊ," भाऊ म्हणाला.

त्या दिवसापासून दोघे बोलत नाहीत. एकाच टेबलावर बसतात आणि माझ्यामार्फत बोलतात. "आई, मामाला सांग, चहा निवतोय." "ताई, तिला सांग, मला निवलेलाच आवडतो." मी एकाहत्तराव्या वर्षी टपालखाते झाले आहे. मी गेल्यावर हे खाते बंद होईल आणि या घरात चहाबद्दलसुद्धा कोणी बोलणार नाही. ऑपरेशनपेक्षा मला याची जास्त धास्ती आहे.

एकतीस अंशांनंतर मी मोठा हीटर काढून दोन लहान बसवले. लहान हीटर चालू राहून अडकला, तरी एकटा पाणी शिजवू शकत नाही. बंद पडला, तर दुसरा तग धरतो. वारसही मी त्याच हिशेबाने नेमते. पुढची खोली आणि टाकी मुलगी व भाऊ यांना अविभक्त मिळावी. अटी अशा:

हीटरचे तापमान ठरवणाऱ्या चकतीला दोघांच्या संमतीवाचून हात लावू नये. संमती तोंडी, समोरासमोर घ्यावी. निरोप चालणार नाही.

दिवसात एक अंशापेक्षा जास्त फरक करू नये, सुधारणेच्या नावाखालीही.

उन्हाळ्यात पंख्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडावा. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते, म्हणून भर गोड्या पाण्याची घालावी. वर जाळी हवी, नाहीतर मासे उडी मारतात. पाणी बदलताना आधी हीटर बंद करावेत. उघडे पडले तर त्यांची काच तडकते. नवे पाणी टाकीइतके कोमट झाल्यावरच ओतावे. वीज गेली तर टाकीला घोंगडी गुंडाळावी आणि धीर धरावा. हे शेवटचे भावाला उत्तम जमेल.

थर्मामीटर दोन ठेवावेत. बोट घालून ताप बघू नये.

भूलतज्ज्ञाने मला सांगितले, की ऑपरेशनच्या वेळी माझे रक्त थोडे थंड करतील आणि नंतर परत गरम करतील. मी विचारले, "एकदम की हळूहळू?"

"हळूहळू, आजी. तुम्ही डॉक्टर का?"

"दातांची. पण घरी टाकी आहे."

तो माणूस मला भरवशाचा वाटला.

कलम ६. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी माझ्या वकीलबाईंना नेमते. त्या आत्ता समोर आहेत. वाचनाच्या वेळी जे घडले तेही नोंदवावे, या त्यांच्या आग्रहावरून पुढचा मजकूर लिहीत आहे.

सहीपूर्वी वकीलबाईंनी पुढच्या खोलीत सर्वांना हे मोठ्याने वाचून दाखवले. मी स्वयंपाकघरातच बसून राहिले. कलम ५ संपले. मग मुलीचा आवाज आला.

"पंचवीस ठेवायचं."

"आत्ता पंचवीस पॉइंट आठ आहे. झकास आहे. कशाला हात लावतेस?"

"मामा, थर्मामीटर हीटरला चिकटवून टांगलास! तो काय खरं बोलणार?"

"मग कुठं टांगू? तुझ्या गळ्यात?"

"पलीकडच्या टोकाला. थांब, जाळी मी उचलते."

"बाही वर कर आधी. नेहमी भिजवतेस."

वकीलबाई आत येऊन हळूच म्हणाल्या, "बोलायला लागले. आता अटी गाळू या का?" मी म्हटले, "बोलत नाहीयेत, भांडतायत. राहू द्या." साक्षीदारही टाकीपाशी गेले आहेत. एकाने पंचवीसची बाजू घेतली आहे, दुसऱ्याने सव्वीसची. सहीसाठी त्यांना दोनदा हाक मारून झाली.

"ताई, तूच सांग गं!" "आई, तूच सांग!" दोघे मला हाका मारत आहेत. मी उत्तर देणार नाही. मृत्युपत्र हयातीत लागू होत नाही, हे वकीलबाईंनी मला समजावले आहे. तरी एवढ्या एका बाबतीत मी ते आजपासूनच लागू करीत आहे.

सही: (दातांची डॉक्टर, निवृत्त)

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ११ मार्च, सकाळी

साक्षीदार:
१. शेजारीण, शिवणकाम करणारी
२. पलीकडच्या घरातले बसचालक

आम्हा दोघांसमक्ष बाईंनी सही केली. सही करताना त्या हसत होत्या, पण पूर्ण शुद्धीवर होत्या.