आईच्या सीटचा बेल्ट

बाबा, आई आज जीपमध्ये बसली. तुमच्या त्याच उघड्या जीपमध्ये. हे आधी लिहून टाकते, कारण दुपारपासून माझ्या पोटात मावत नाहीये आणि सांगायला तुमच्याशिवाय दुसरं कोणी सुचत नाही. बसली, बेल्ट लावला आणि बिरसीच्या रस्त्याला लागल्यावर मलाच म्हणाली, जरा जोरात घे. तुम्ही असतात तर वेल्डिंग अर्धवट टाकून रस्त्यावर बघायला आला असतात.

तुम्हाला सगळं आठवत असेलच, नसेल तर मी आहे आठवण करून द्यायला. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं म्हणून तुम्ही भंगारातून आणलेल्या या जीपचं हूड काढून टाकलंत, मागे समोरासमोर दोन बाकडी ठोकलीत आणि डोक्यावरून एक आडवा पाइप नेलात. अर्धी वस्ती तिच्यात मावायची. गाडी सुरू करताना तुम्ही मागे वळून सगळ्यांना पाइप धरायला सांगायचात, तीच आपली सेफ्टी. त्या वर्षी नागपूरहून परत येतोय, तिरोडा जवळ आलंय, आणि एक बकरी आडवी येते. तुम्ही स्टिअरिंग गर्रकन फिरवता. बकरी वाचते आणि आई बाहेर फेकली जाते. दवाखान्यात तिच्या हाताला प्लास्टर घालत असताना तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "पाइप कायले सोडला? धरून बस म्हणून सांगतलं होतं ना." त्यानंतर आई त्या जीपमध्ये बसली नाही, तुम्ही होतात तोवर नाही आणि तुम्ही गेल्यावरही नाही.

तुमच्या मनाला ते लागलं होतं, हे मला माहीत आहे. नाहीतर तुम्ही एका मोडीत निघालेल्या कारचे बेल्ट कशाला आणले असते? पण तुमचा हात गेट आणि खिडक्यांच्या ग्रिलवर बसलेला. लोखंड दिसलं की वेल्डिंगचा टाका मारायचा. बेल्टच्या पट्ट्या तुम्ही सरळ बाकड्याच्या पायाला वेल्ड केल्यात आणि ते बाकडं उभं होतं गंजक्या पत्र्यावर, चार बारक्या बोल्टांवर. मग मोठ्या थाटात आईला स्वयंपाकघरातून बोलावलंत. ती बेसनाच्या हातांनीच आली. बसली नाही. बंपरला पाय लावला, विहिरीतून बादली ओढावी तसा बेल्ट ओढला, आणि पत्र्याचा तुकडा घेऊन बाकडंच तिच्याकडे आलं. "बरं झालं," आई म्हणाली, "आता मी एकटी नाई पडणार, बाकडं पण संग येईल." वर्कशॉपमधले सगळे हसले. तुम्हीही हसलात, पण नंतर त्या जीपला हात लावला नाहीत. तेव्हापासून मागच्या अंगणात कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या.

आता हे सगळं उकरून काढलं ते मावशीमुळे. ती तिकडे बोदलकशाला, गुडघे गेलेत, इकडे येऊ शकत नाही. आईला बसची चढउतार झेपत नाही. दोघी बहिणी रोज फोनवर एकमेकींना ये म्हणतात आणि रडतात. मी म्हटलं, जीप काढते. आई म्हणाली, त्यापेक्षा चालत जाईन. मग मलाही चेव आला. बिरसी विमानतळाकडचा एक मेकॅनिक ट्रॉलीचं काम घेऊन आपल्या वर्कशॉपमध्ये येतो, जे आता मी चालवते, त्याला पकडलं. त्यानं जीपच्या खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "दीदी, पट्टा नहीं टूटता. जिसमें बाँधा है, वो उखड़ता है." बाबा, तुमचं नेमकं हेच चुकलं होतं. मी इंजिन दुरुस्त करून घेतलं, समोरासमोरची बाकडी काढून समोर तोंड करून सीटा बसवल्या. सगळा गंजका पत्रा कापून नवा घातला. जिथं बेल्टचा बोल्ट येतो तिथं खालून जाड प्लेट दिली आणि ती चेसिसला बांधली. आच लागून बोल्ट कमजोर होऊ नये म्हणून आधी वेल्डिंग, ते पूर्ण गार झाल्यावर बोल्ट. सीटांच्या मागे चेसिसवरून जाड पाइपाची कमान उभी केली, खांद्यावरचा बेल्ट तिथून येतो. आरटीओत विचारून घेतलं, म्हणून उगाच तिकडून डोळे वटारू नका.

आज दुपारी एकेक बेल्ट चिंचेच्या झाडाला बांधलेल्या चेन ब्लॉकच्या साखळीला अडकवून ओढला. हँडब्रेक लावलेली अख्खी जीप घसरत झाडाकडे आली, पण सीट जागची हलली नाही. मी अंगणात नाचले. खरंच नाचले, या वयात. आई दारातून बघत होती. जवळ आली, प्लेटा चाचपल्या आणि तिनं एकच विचारलं, हात सुटला तर? मी म्हटलं, सुटू दे, तुला काहीच धरायचं नाही. तिनं एक बेल्ट स्वतः ओढून पाहिला. मग म्हणाली, "तवा पण मी हात सोडला नोता. सुटला होता." इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. मला तुमचा इतका राग आला, आणि तितकीच तुमची कीवही आली, कारण हे ऐकायला तुम्ही असायला हवं होतं. मी म्हटलं, आई, कोणाचाही सुटला असता. तिनं पदर खोचला आणि वर चढली.

धानाच्या बांध्यांमधून रस्ता, वर शिकाऊ पायलटचं विमान घिरट्या घालतंय, आणि मी भीतीनं इतकी हळू चालवतेय की मागून सायकलवाले पुढे जातात. "काऊन अशी चालवून राहिली? बैलबंडी आहे का हे?" आई म्हणाली. मी वेग वाढवला. नहराच्या पुलावरचा खड्डा आला, जीप उडाली, आई तिथंच. दोन्ही हात मांडीवर. आणि ती हसत होती, मोठ्यानं, तोंडात वारा शिरेपर्यंत. रविवारी आम्ही बोदलकशाला निघतोय, मावशीला अजून सांगितलेलं नाही.

हे पत्र कुठं टाकणार, इथंच राहील. फक्त एक गोष्ट आईला सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. खांद्याच्या बेल्टची उंची बसणाऱ्या माणसावर ठरते. बाकीच्या सीटांची मी आमच्या मापानं घेतली. आईच्या शेजारच्या सीटची मात्र तुमच्या खांद्याच्या मापानं. तुमच्या खांद्यावर हात ठेवायची हाताला सवय होती, अंदाज बरोबर आला. पण घरात आता तेवढं उंच कोणी नाही, बसणाऱ्याच्या गळ्याला तो बेल्ट घासतो. खाली घ्यायला हवा. घेईन. तोवर त्या सीटवर कोणी बसायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावून ठेवलंय.