सम भोपाळला गेली

दाना ओली, लश्कर, ग्वाल्हेर
१८ जानेवारी १९५७

चि. मधुसूदन यास शामलाताईचे आशीर्वाद.

तुझी प्रकृती बरी असेल असं धरून चालते. भोपाळला तुम्हा तिघांना मिळून एक खोली मिळाली आणि एवढी तळी असलेल्या गावात पाणी मात्र खालच्या नळावरून आणावं लागतं, हे मागच्या पत्रावरून कळलं. कानाला मफलर बांधून दफ्तरात जात जा. संक्रांतीचा तिळगूळ आणि गजकाचा डबा पोचला की नाही, ते तू कळवलेलं नाहीस. (डबा परत आण. झाकणावर माझं नाव आहे.) इथे थंडी कडक आहे. तुझ्या मेहुण्यांचा खोकला आता बरा आहे. एकूण सगळ्यांची शरीरं ठीक आहेत. डोकी ठीक नाहीत, आणि त्यांत तुझंही धरते, म्हणून हे पत्र.

मुद्दा आधी सांगते, कारण तुमच्या मंडळाला मुद्द्यावर यायला रात्र लागते. मुकुंदबुवांच्या लीलाताईंना बुवांची शेवटची बैठक एकदा पहिल्यापासून अखेरपर्यंत ऐकायची आहे. बैठक चैत्रात आमच्या माडीवर झाली, सूर्याजीरावांच्या टेप-मशीनवर भरून घेतली, आणि ज्येष्ठात बुवा गेले. बैठकीच्या दिवशी लीलाताई हजीऱ्याच्या घरी तापाने पडून होत्या. नसत्या तरी आल्या नसत्या. बुवांच्या पिढीत बायकोला समोर बसवून गायची रीत नव्हती. त्यांनी जन्मभर ऐकला तो पहाटेचा रियाज, तोही चूल फुंकता फुंकता. तर ह्या बाई मागच्या आठवड्यात टांगा करून आमच्याकडे आल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि म्हणाल्या, "शामलाताई, सगळे म्हणतात शेवटचा बिहाग फार रंगला. मला एकदा ऐकवाल का?" आता यात अवघड काय आहे, तूच सांग. अवघड एवढंच, की त्या बिहागाचे तुम्ही चार शहाण्यांनी चार तुकडे केलेत, आणि त्यातला दुसरा तुझ्या ट्रंकेत आहे.

तुमचं हे श्रवणमंडळ मी चार वर्षं सोसलं. सूर्याजीरावांची जहागीर गेली, तेव्हा दुसऱ्या कुणी असतं तर शेतीभातीकडे पाहिलं असतं. ह्यांनी मुंबईहून दोन माणसांनी उचलावं लागणारं ते मशीन आणलं आणि बुवा गातील तिथे नेऊन मांडलं. तिथवर ठीक. पण बुवांचं गाणं भरून घेतल्यावर ते ऐकावं की नाही? तुम्ही ते ताडून पाहत बसलात. माधवगंजातल्या बैठकीचा यमन आणि नया बाज़ारातल्या बैठकीचा यमन; अमुक तान इथे किती लांब आणि तिथे किती; खोकला कुणाचा; डावा तंबोरा कधी उतरला. लक्ष्मीकांत वकील तर बुवांनी मध्येच पान मागितलेलं ज्या रिळावर ऐकू येतं त्याला अस्सल मानत, आणि जिथे पान मागितलं नाही त्या बैठकीबद्दल शंका घेत. (ज्यांच्यापुढे हे वकील खटले चालवतात त्या न्यायाधीशांची मला कीव येते.) चार पुरुष एका पेटीपुढे कान लावून बसलेत आणि खाली मी चौथ्यांदा चहा टाकते आहे, असं ते कलेचं संशोधन होतं.

आणि त्या संशोधनाचं फळ काय, तर तुझ्या मेहुण्यांचा निबंध. बुवांनी उतारवयात आपला स्वर चढवला, आवाजाच्या मर्यादेवर मात करण्याचा तो एका थोर कलावंताचा प्रयत्न होता, असा तो निबंध त्यांनी मला जेवताना वाचून दाखवला. वरण गार झालं. मी विचारलं, ज्या ज्या रिळांत स्वर चढलेला आहे त्या सगळ्या बैठका आपल्याच माडीवरच्या ना? म्हणाले, हो, इथेच ते खुलायचे. मी म्हटलं, खुलायचे कसले! दिवेलागणीला आपल्या ओळीतली पिठाची चक्की सुरू झाली की बिजली उतरते, आपले दिवे मिणमिणतात, तसं ते मशीनही रेंगाळतं. रेंगाळत भरलेलं गाणं मग दुपारी पुऱ्या बिजलीवर वाजवलं की पळणार आणि चढणारच. ह्यावर त्यांनी दोन दिवस बसून निबंधाची स्वच्छ प्रत काढली. तिसऱ्या दिवशी निबंध मुंबईच्या एका मासिकाला धाडला. चक्कीचा उल्लेख नव्हता.

असो. त्यानंतर नोव्हेंबर आला, मध्यभारत राज्य संपलं आणि राजधानी भोपाळला गेली. कुणाचा तबादला भोपाळला, कुणाचं कोर्ट जबलपूरला, सूर्याजीराव इंदूरला लेकाकडे निघाले, आणि तुझ्या मेहुण्यांना निवृत्ती जवळ आल्यामुळे इथेच रिकाम्या दफ्तरात ठेवलं. सबंध वर्ष त्यांनी सरकारी अलमाऱ्या, फायली, टेबलं आणि घंटासुद्धा कुठल्या खात्याची कुठे जायची ते ठरवण्यात घालवलं होतं. सवय जडलेला हात स्वस्थ बसत नाही. तुम्ही मंडळाचं विभाजन करायला बसलात. मी बटाटेवडे घेऊन वर आले तेव्हा सूर्याजीराव (जे स्वतःचं घड्याळ कुठे ठेवलं ते सांगू शकत नाहीत) अध्यक्षस्थानी होते आणि वकील ज्येष्ठतेचा प्रश्न मांडत होते. बाकीची रिळं सुखाने वाटली गेली. हा शेवटचा बिहाग उरला. एक रीळ, चार वारस. दुसरं मशीन नाही, म्हणून नक्कल काढता येत नाही. अशा वेळी शाळेतल्या मुलींनीही सांगितलं असतं, की ते जिथे भरलं तिथे राहू दे आणि ज्याला ऐकायचं त्याने गाडीत बसून यावं. पण तुम्ही सरकारी माणसं. विलंबित ख्याल मशीनच्या मालकीमुळे इंदूरला, द्रुत भोपाळला, तराणा जबलपूरला, आणि जागा आमची म्हणून त्याच रिळाच्या शेवटची भैरवी ग्वाल्हेरला! खालून माझी शिवणाची कात्री मागवलीत. मला वाटलं दोरी कापायची असेल. मी दिली. मला कळतं तर ती कात्री मी कशासाठी वापरली असती, ते लिहीत नाही.

मी कॉलेजात असताना वर्गात आम्ही मुली दोनच होतो आणि प्राध्यापक आम्हाला तर्कशास्त्र झेपायचं नाही असं म्हणायचे. त्या प्राध्यापकांना तुमची ही कारवाई दाखवायला हवी होती. बुवा विलंबित संपवून, पान खाऊन, मग द्रुत धरणारे गवई नव्हते. तान घेत घेत येत, समेवर आदळत, आणि त्याच समेवर द्रुताचा मुखडा उभा. मग कापायचं कुठे? वकील म्हणाले आता, सूर्याजीराव म्हणाले थांबा, तू म्हणालास जरा मागे घ्या, आणि तेवढ्यात तुझ्या मेहुण्यांनी कापलं. तेव्हा कुणी ऐकून पाहिलं नाही, कारण वडे गार होत होते. तान इंदूरच्या वाट्याला गेली आणि सम भोपाळला गेली. तुझ्या तुकड्याच्या सुरुवातीलाच तबल्याचा तो दणका असणार, आणि त्यावर माडीभर "वाहवा". ती वाहवा कशाची, हे भोपाळला मशीन मिळालं तरी तुला कळायचं नाही.

हे आम्हाला कधी कळलं, ते ऐक. लीलाताई येऊन गेल्यावर मी म्हटलं, निदान जे इथे आहे ते तरी ऐकवू. परवा त्यांना सूर्याजीरावांकडे नेलं. तिथे अर्धं सामान पेट्यांत बांधलेलं, मशीन तेवढं अजून उघडं. "या वहिनीसाहेब, तशरीफ रखिए," म्हणून सूर्याजीरावांनी त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. वकील (त्यांचं बिऱ्हाड जबलपूरला हलायचं अजून आहे) आले होते, हे होते. विलंबित सुरू झालं. लीलाताई पदर घट्ट धरून बसल्या होत्या. हळूहळू उजवा हात मोकळा झाला आणि मांडीवर ठेका धरू लागला. (मी इतक्या बैठकांना चहा पोचवला, पण तुमच्यातल्या एकाचाही हात इतका हलका पडताना पाहिला नाही.) शेवटी ती तान आली. चढली, वळली, खाली यायला लागली, लीलाताईंचा हात वर गेला, ह्यांचा गेला, सूर्याजीरावांचा गेला, वकिलांचा गेला. आणि फट्ट. फितीचं शेपूट नुसतं चकतीवर फिरत राहिलं. चार हात हवेत.

लीलाताईंनी आपला हात हळूच खाली घेतला आणि विचारलं, "पुढचं कुठे आहे?"

हे म्हणाले, "भोपाळला."

"बरं," त्या म्हणाल्या. "निदान ठिकाण तरी सांगितलंत. ते गेले तेव्हा मी कुणाला विचारायचं होतं?"

सूर्याजीराव उठून खिडकीशी गेले. वकील म्हणाले, "वास्तविक कापण्याची सूचना माझी नव्हती." मी त्यांना काय म्हटलं ते तुला त्यांच्याकडूनच कळेल, ते सगळ्यांना सांगत सुटले आहेत.

त्या दिवसापासून तुकडे गोळा करते आहे. भैरवी आमच्या अलमारीतून मी काढून घेतली. ह्यांनी विरोध केला नाही, फक्त चष्मा पुसला. सूर्याजीरावांनी विलंबित न मागता हातात ठेवलं. वकील म्हणाले, तराणा देतो, पण आधी चौघांची लेखी संमती हवी, नाहीतर वाईट पायंडा पडतो. मी सरळ त्यांच्या मंदाताईंकडे गेले. मंदाताई म्हणाल्या, "अहो, तो माझ्या पोह्यांच्या डब्यात ठेवलाय त्यांनी, ओल लागू नये म्हणून. घेऊन जा बाई, मला डबा मोकळा हवाय." झालं. राहिला एक तू. आणि तुझं पत्र मी वाचलं आहे. ते मेहुण्यांच्या नावावर होतं, तरी वाचलं. भैरवी मिळाल्यास द्रुत देण्याचा विचार करता येईल, असं लिहितोस? विचार करता येईल? तू मुकुंदबुवांचा गंडाबंद शागीर्द नव्हतास, हे मला माहीत आहे, पण सहा वर्षं त्या घरी तंबोरा धरायला जायचास आणि लीलाताईंच्या हातचं जेवून यायचास. ते जेवण कुठल्या तुकड्याच्या बदल्यात होतं?

माझं विचारशील तर ही सगळी रिळं चुलीत घालावीत. बाकीच्यांपैकी निम्मी तर ऐकण्यासारखीही नाहीत; नुसते खोकले आणि तुमची मान डोलावल्याचे सुस्कारे. एक माणूस गाऊन गेला, आणि त्याच्या मागे चार मोठी माणसं पोरांसारखी गोट्या मोजत बसली. लाज वाटायला हवी. पण लीलाताईंचं ऐकणं झाल्याशिवाय एकही रीळ चुलीत जाणार नाही. सूर्याजीरावांचं मशीन वसंत पंचमीच्या दुसऱ्या दिवशी पेटीत बंद होऊन इंदूरला जाईल. त्याच्या आधीचा रविवार मी धरला आहे. द्रुत घेऊन तू स्वतः ये. डाकेने धाडू नकोस, आणि कुणा ओळखीच्याच्या हातीही नको. तुमच्या ओळखीची माणसं तुमच्यासारखीच असतात. जोडायची चिकटपट्टी सूर्याजीरावांकडे आहे. सम कुठे बसवायची ते चौघांनी मिळून ठरवा, पण ह्या वेळी ऐकून.

रजा मिळत नसेल तर साहेबाला सांग की बहीण आजारी आहे. मी खरंच आजारी पडायच्या बेतात आहे.

तुझी
शामलाताई

ता. क. : हे पत्र मेहुण्यांना दाखवलं आहे. त्यांनी फक्त चक्कीचा भाग गाळावा अशी विनंती केली. गाळलेला नाही.

ता. क. २ : ही पुढच्या मजकुराची चिठ्ठी मात्र त्यांना दाखवलेली नाही, आणि तूही कुणाला दाखवू नकोस. लीलाताईंना परत टांग्यात बसवताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "एकदा सबंध ऐकलं की ते पुसून टाका. सूर्याजीराव म्हणाले, ह्या मशीनवर पुसताही येतं. आमच्या ह्यांना मागे काही ठेवलेलं आवडायचं नाही. गायलं ते गेलं, म्हणायचे." मी हो म्हटलं. सूर्याजीरावांना नाही म्हणते, वकिलांना म्हणते, तुझ्या मेहुण्यांना तीस वर्षं म्हणत आले. ह्या बाईपुढे तोंडातून हो गेलं. आता तीन तुकडे माझ्या ट्रंकेत साड्यांखाली आहेत आणि मला स्वस्थता नाही. चुलीचं मी वर लिहिलं आहे ते राहू दे, खोडायला जागा नाही. त्या घरात पोरासारखा जेवलेला तू एकटा आहेस. पुसू नका म्हणालास, तर तुझं त्या ऐकतील. तुला बोलावते आहे ते खरं ह्यासाठी. काय बोलायचं ते गाडीत ठरव. तुझ्या मेहुण्यांसारखं थोर कला वगैरे बोलू नकोस. साधं बोल.

ता. क. ३ : आणि त्यांनी नाहीच ऐकलं, तर मी शब्द दिला आहे आणि तो मी पाळणार. तेव्हा तू मधे पडायचं नाहीस. म्हणून रविवारी नको, शनिवारच्या सकाळच्या गाडीने ये. त्यांच्याशी बोलायला एक सबंध संध्याकाळ हाताशी राहील. रविवारी मशीन आमच्या माडीवर येईल, आणि बिहाग चक्की थांबल्यावर रात्री भरलेला, म्हणून चक्कीवाल्याला त्या संध्याकाळी चक्की बंद ठेवायला मी सांगितलं आहे.