आर्डवार्कचे तोंड बंद करण्याबाबत

प्रति,
मा. ग्रामविकास अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, गवळटेक (करमाडजवळ),
जि. छत्रपती संभाजीनगर

विषय : अंगणवाडीमागील उघड्या बोअरवर आजच्या आज झाकण बसविणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा उन्हाळ्यातील अर्ज व त्यावर ग्रामसभेत झालेला हशा.

महोदय,

अर्जदार आवडाबाई ही गवळटेकच्या अंगणवाडीत सेविका आहे. तिचे सविनय म्हणणे असे की, अंगणवाडीमागे तात्यासाहेबांच्या प्लॉटमध्ये उन्हाळ्यात बोअर घेतला, तो कोरडा गेला. बोअरच्या गाडीवाल्यांनी आतला, कडा धरून ठेवणारा केसिंग पाईप उपसून पुढच्या गिऱ्हाइकाकडे नेला व तोंडावर पोते टाकले. पोते वाऱ्याने गेले.

बुजवा म्हटल्यावर तात्यासाहेब म्हणाले, "बाई, बोअरला एक पावसाळा दाखवावा लागतो. आत्ताच बुजवलं तर पाणी रुसतं." ही गावाची रीत अर्जदारास ठाऊक आहे. रुसलेल्या पाण्याची समजूत काढता येते. एखाद्या आईची कशी काढावी, हे तिला ठाऊक नाही.

गाडीवर 'आर्डवार्क' लिहिले होते. हे परदेशातले, बिळे खणणारे, डुकराच्या अंगाचे नि गाढवाच्या कानांचे जनावर. गावातल्या कडूबाने शहरात क्रांती चौकातल्या पेंटरकडून ते आपल्या बोअरच्या गाडीवर काढून घेतले आणि त्याला पहिल्याच बोअरला धो धो पाणी लागले. मग काय, नाव लकी ठरले. सगळ्या गाड्यांनी ते लावले. आता आर्डवार्क रसवंती आहे, आर्डवार्क कटिंग सलून आहे, आर्डवार्क क्रिकेट संघही आहे. जाब विचारायला जावे तर जो तो म्हणतो, "ते आर्डवार्क आमी नाय, दुसरं."

कडूबाने हौसेने तेच चित्र अंगणवाडीच्या भिंतीवरही काढून दिले, हसरे. आया न जेवणाऱ्या पोरांना "आर्डवार्क येईल" म्हणून धाक घालतात. पोरे भ्यायली नाहीत, त्यांना त्याची दया आली. ते मागच्या भोकात राहते, असे त्यांनी आपसात ठरवून टाकले आहे.

खिचडी वाटली की जहांआरा ही चार वर्षांची मुलगी मूठ झाकून मागे निघते. धरले तर म्हणाली, "मॅडम, तो भुका हाय. मी हाक मारली की ओ देतो." ओ कसली, तिचाच आवाज आतून परत येतो. अर्जदाराने स्वतः वाकून ऐकला.

भोकावर टोपले पालथे घातले, ते ढासळत्या कडेबरोबर आत गेले. तोंड आधी तांब्याएवढे होते, पावसाने आता परातीएवढे झाले आहे. अर्जदार एकटी, पोरे पुष्कळ. खिचडी ढवळताना पाठ फिरते तेवढ्याचीही तिला भीती वाटते. उन्हाळ्यात ग्रामसभेत ही भीती सांगितली तेव्हा सगळे हसले. आपणही हसलात, साहेब.

काल जहांआराची चप्पल आत पडली. ती रडली नाही. "उद्या हात घालून मागून घेते, तो देईल," म्हणाली. तो उद्या म्हणजे आजचा दिवस. अंगणवाडी दहाला भरते. सबब त्यापूर्वी झाकण बसवावे, ही विनंती.

आपली, मागच्या दारात उभी असलेली,
आवडाबाई रामकिसन दांडगे
अंगणवाडी सेविका, गवळटेक
दि. १२ जुलै २०२४

सोबत : डाव्या पायाची चप्पल, एक. उजवी बोअरमध्ये आहे.