पाहुण्यांची सावली

४ जानेवारी, रविवार

खारवाडीला लीगची मॅच. गफूरची जीप, आत अकरा जण, मागे दोन लटकून. घनसावंगीहून साडेदहाला निघालो, वाटूर फाट्यावर चहा. गफूरने आपल्या गोदाकाठ क्लबचा पिवळा झेंडा आरशालाच बांधला, त्यामुळे त्याला मागचं काही दिसत नव्हतं. तरी वाटभर मागच्या ट्रकवाल्यांना शिव्या.

खारवाडीवाल्यांचं एक मानलं पाहिजे. पाहुण्या टीमची माणसं सावलीत आणि गावची माणसं समोर उन्हात, ही तिथली पहिल्यापासूनची रीत. पूर्वी चिंचेखाली सतरंजी टाकायचे. यंदा पाहुण्यांसाठी सात पायऱ्या आणि वर काँक्रीटचं छप्पर. बोर्डावर ‘स्टेडियम’ लिहिलंय. क्लबचे अध्यक्ष भास्कर गुरुजी म्हणजे माझे व्याही. सुजाताला त्यांच्या घरी देऊन सहा वर्षं झाली. जावई पुण्याला कंपनीत, ती आणि नात चिमी खारवाडीलाच. गुरुजींनी स्वतः उभं राहून हे बांधून घेतलं. मला विचारलं नाही. व्याह्याला कामाला कसं लावायचं, असं वाटलं असेल.

२-१ हरलो. दुसरा गोल ऑफसाइड होता, हे मी मरेपर्यंत म्हणणार.

पण डोक्यात गोल नाही. छप्पर मागच्या भिंतीतून सरळ पुढे काढलंय, आठ फूट. पुढच्या कडेला दोन लोखंडी पाइप उभे, निळ्या-पांढऱ्या रंगाचे, म्हणजे त्यांच्या क्लबचे रंग. लोकांना ते शोभेचे वाटतात. ते टेकू आहेत. स्लॅब सुकल्यावर सेंटरिंग, म्हणजे खालचा आधार, काढताना कोणीतरी घाबरलं आणि दोन तसेच ठेवले. खालून एका जागी गिलावा सुटलाय, आत जाड सळई दिसते. तिथे ती दिसायला नको होती.

५ जाने.

शकूने विचारलं, जेवताना गप्प का. सांगितलं. तिला कळेना, म्हणून हात सरळ पुढे केला आणि पंजावर तांब्या ठेवायला लावला. “कुठं ताण येतो? खांद्याच्या वरच्या अंगाला. मंग सळई कुठं पाहिजे? वर. यांनी खाली टाकली.”

शकू तांब्या काढून घेत म्हणाली, “कळलं. पण तुम्ही बोलू नका. पोरीचं घर हाय ते.”

तीस वर्षं स्लॅब टाकले. मजूर, मुकादम, इंजिनिअर, कोणाला सोडलं नाही. साइटवर मला ‘तोंडाळ मिस्त्री’ म्हणायचे. आणि इथे शकू म्हणते बोलू नका, तर मला ते बराबर वाटतं. याचाच राग येतो.

११ जाने., रविवार

सेमी फायनल. पुन्हा खारवाडीच्याच मैदानावर, कारण पायऱ्यांचं मैदान या पट्ट्यात तेवढंच. पेनल्टीवर जिंकलो. आपला गोली शेवटची किक अडवायला चुकीच्या बाजूला पडला आणि बॉल त्याच्या पायाला लागून बाहेर. त्याला खांद्यावर घेऊन नाचले सगळे. खारवाडी आधीच फायनलला. म्हणजे २५ तारखेला आपण आणि ते.

हाफ टाइमला मागच्या शिडीने छपरावर गेलो. वर गावची पंधरा-वीस पोरं पाय सोडून बसलेली. मला जे नको होतं तेच वर होतं. भिंतीला लागून लांब भेग, धूळ भरलेली. किल्ली आपटून पाहिली. धड स्लॅब खणखणतो, हा फुटक्या माठासारखा वाजला. भेगेच्या टोकाला पेन्सिलने आडवी रेघ मारली, बाजूला ११ लिहिलं. आमची जुनी पद्धत. भेग रेघ ओलांडून गेली की समजायचं.

मग सुजाताकडे. गुरुजी मैदानावरच होते. चिमी येऊन मांडीत बसली, माझ्या खिशातली पेन्सिल काढून स्वतःच्या पायावर चित्र काढत होती. सुजाता वाढता वाढता म्हणाली, “अण्णा, फायनलला मोठे पाव्हणे येणार हायेत. फोटोत मधी येतात म्हणून मामा ते पाइप काढून राह्यले.” सासऱ्यांना ती मामा म्हणते.

घास तसाच राहिला. तिला कसं सांगायचं ते कळेना, म्हणून फक्त म्हटलं, तू चिमीला घेऊन त्या छपराखाली बसू नको. ती हसली. “आम्ही कशाला बसू? ते तुमच्यासाठी हाय. आम्ही गाववाले.”

१३ जाने.

गुरुजींना फोन केला. सतरा मिनिटं. तूर, थंडी, त्यांची बीपीची गोळी, शकूचा गुडघा. शेवटी कसंबसं म्हटलं, “गुरुजी, ते पाइप राहू द्या बरं का. मैदानाला शोभा येते.”

गुरुजी खळखळून हसले. “पाव्हणं, आमच्या रंगाचे पाइप आवडले म्हणता? मंग आमच्याकडूनच ओरडा की!”

आणि मीही हसलो. शोभा! काय बोलून बसलो. साठी ओलांडलेला माणूस, टेकूला शोभा म्हणतो.

१६ जाने.

एकदा असाच गप्प बसलो होतो. एका गावात, दुमजली घराची गॅलरी. सळई चुकीची पडताना पाहिली. ठेकेदार माझा उस्ताद, त्याला चारचौघांत कसं बोलायचं. नंतर गॅलरी कोसळली, त्या घरच्या म्हातारीचा पाय गेला. किती साली, आठवत नाही असं लोकांना सांगतो. आठवतं.

शकूलाही हे माहीत नाही. इथे पहिल्यांदा लिहिलं.

१७ जाने.

गफूरला सगळं सांगितलं. म्हणाला, “तुमच्यानं होत न्हाई तर मी बोलतो, बिलकुल टेन्शन न्हाई.” आणि लगेच बोलला. वाटूरला त्याला खारवाडीच्या क्लबची माणसं भेटली. त्यांनी काय म्हणावं? “हारायच्या भ्यानं गोदाकाठवाले आता छपरावर घसरले काय?” गफूर चिडून आला. तिथेच मारामारीची मॅच ठरवून आला असता म्हणे, दोन-दोन माणसांची.

आता मी काही म्हटलं तरी पिवळ्या झेंड्याचं बोलणं होणार. चूक माझी. स्वतः जायला पाहिजे होतं.

१८ जाने., रविवार

एकटाच एसटीने गेलो. मॅच नाही, मैदान रिकामं, मध्ये दोन शेळ्या. शिडीने वर. भेग रेघेच्या पुढे चार बोटं गेलेली. आठवड्यात. नवी रेघ मारली, १८ लिहिलं.

गुरुजींच्या घरी गेलो. चहा आला. सुजाता दाराआड. म्हटलं, “गुरुजी, पुढच्या कडेला दोन पक्के खांब देऊ. मी येतो, माझी दोन माणसं आणतो, चार दिवसांत उभे करतो. पाइप मात्र तवर हलवू नका.” एवढं तरी सरळ बोललो.

गुरुजींचा चेहरा बदलला. रागावले नाहीत, तेच वाईट. आवाज वर्गात लावतात तसा. “म्हणजे काम कच्चं झालं, असं म्हणायचंय तुम्हाला.”

इथे हो म्हणायचं होतं. एक अक्षर. मी दाराकडे पाहिलं. सुजाताच्या हातातली रिकामी बशी दिसत होती, तेवढीच. म्हटलं, “तसं न्हाई. आपलं आमच्या समाधानाला.”

“समाधान ठेवा,” गुरुजी म्हणाले. “तुम्ही पाव्हणे हायेत, पाव्हण्यासारखे येऊन बसा.”

२१ जाने.

सुजाताचा फोन, हळू आवाजात. “अण्णा, काय बोललात तुम्ही? तीन दिवस झाले, मामा माझ्या हातचा चहा घेत न्हाईत. आत्याबाई म्हणतात, तुझ्या बापाला आमचं मोठेपण बघवत न्हाई.” आत्याबाई म्हणजे तिची सासू.

तेव्हा तिला सगळं सांगितलं. तांब्या, हात, खांदा, रेघ, चार बोटं.

ती म्हणाली, “तुम्ही त्यांना असं सांगितलंच न्हाई ना?”

नाही सांगितलं.

२२ जाने.

आपल्या तालुक्यातल्या बांधकाम खात्याच्या साहेबांना भेटलो. खारवाडी आमच्याकडे येत नाही म्हणाले. अर्ज द्या, पुढे पाठवू. अर्ज दिला. शिक्का मारून घेतला. फायनल तीन दिवसांवर. शिक्क्याने छप्पर थांबत असतं तर काय पाहिजे होतं.

शकू आता बोलू नका म्हणत नाही. रात्रीची भाकरी दोघांनी अर्धी अर्धी टाकली.

२४ जाने.

सुजाताचा मेसेज: ‘पाइप काढले. सकाळी.’

खाली एक फोटो. छप्पर पुढे मोकळं, त्याखाली झालर. छान दिसतं, हे खरं आहे.

गफूरला सांगितलं, उद्या आपला एकही माणूस छपराखाली बसणार नाही. सगळे उन्हात. तो म्हणाला, “मिस्त्री, त्यांची बेइज्जती होईल.” होऊ दे म्हटलं. हे बोलायला मला वीस दिवस लागले.

२५ जाने., रविवार

मैदानावरून लिहितोय. काही झालं तर वहीत असावं.

आलो तेव्हा गावची माणसं रीतीप्रमाणे समोर उन्हात. आमची पन्नासेक. पिवळा झेंडा घेऊन गफूर कोपऱ्यातल्या उघड्या जागेत गेला, मागोमाग सगळे. पायऱ्या रिकाम्या राहिल्या. समोर कुजबुज, मग आरडाओरडा. “आमची सावली चालत न्हाई काय?” एक रिकामी बाटली आली, कोणाला लागली नाही. मोठे पाहुणे अजून वाटेत आहेत. छपरावर पोरं, मागच्या वेळेपेक्षा जास्त. तिसाच्या पुढे मोजणं सोडलं. खाली या म्हणून ओरडलो. ती हसली, वरून पिवळ्या झेंड्याच्या नावाने बोंब ठोकली.

गुरुजी चालत आले. मी सगळ्यांसमोर सांगितलं. सळई खाली आहे, टेकू काढलेत, भेग वाढतेय, हे पडणार. शेवटी सांगितलं.

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी होतं, हे मी पाहिलं. म्हणाले, “आमच्या घरात पोरगी दिली तेव्हा भ्या वाटलं न्हाई, अन् आमच्या छपराखाली बसायला वाटतं?”

मग वळले. समोर सुजाताजवळ चिमी उभी होती. तिला उचललं, सगळ्या मैदानासमोरून आणलं आणि छपराखाली मधल्या पायरीवर तिला मांडीत घेऊन बसले. गावाने टाळ्या वाजवल्या.

मी काय करणार होतो? आजोबाच्या मांडीतून नात ओढायची? चार माणसांत, पोरीच्या सासरी? अजून हाच विचार करतोय याची लाज वाटते. जाऊन शेजारी बसलो. चिमीचा पाय धरून ठेवलाय. तिला वाटतं मी खेळतोय, सोडवून घेते आणि परत देते.

“चिमी, चल, शेंगा घेऊ.”

गुरुजी माझ्याकडे न बघता, “मॅच झाल्यावर.”

वर पोरं ताल धरून टाचा आपटतायत. गिलाव्याची पूड पडते, पानावर पडली, फुंकली. गुरुजींच्या टोपीवरही आहे. त्यांनी हाताने झटकली, बोटांकडे पाहिलं. बोटं चोळून पुन्हा पाहिली. चिमीभोवतीचा हात थोडा सैल झाला आहे की मला वाटतंय?

पंचाने बॉल मध्ये ठेवला. शिट्टी तोंडात.

सुजाता निघाली. समोरून, सरळ मैदानातून, रेघ ओलांडून. गावची सून, फायनल सुरू होताना. डोक्यावरचा पदर खाली आलाय, सावरत नाही. आत्याबाई मागून हाका मारतात. पंचाने बॉल उचलून हातात घेतला. दोन्ही टीम बघत उभ्या. ती गुरुजींकडे बघत येतेय, माझ्याकडे नाही.

वरची पोरं तिला बघायला उठून उभी राहिली, सगळी, पुढच्या कडेला.

वही ठेवतो. दोन्ही हात मोकळे लागतील.